राठोडांनी लावलेले टॅग

आमच्या कॉलेजचे ग्रंथपाल राठोड यांनी चार वर्षं खपून ग्रंथालयाच्या ब्लॉगला लावलेले सगळे टॅग मी एका दुपारी पुसून टाकले. तेही चांगलं काम करतोय अशा समजुतीत, चहा पीत. गेल्या महिन्यात ते हृदयविकाराने गेल्याचा फोन आला, तेव्हा मला आधी ती दुपार आठवली... माणूस नंतर.

सेनगाव तालुक्यातल्या तांड्यावरून आलेला हा माणूस प्रत्येक विषयाचा एक लेख ब्लॉगवर टाकायचा. कोणतं पुस्तक कोणत्या कपाटात, आधी काय वाचायचं, इंटरनेटवर फुकट काय मिळतं. सेनगावजवळच्या गोरेगावहून येणाऱ्या पोरी जीपमध्येच मोबाइलवर शोधायच्या आणि उतरल्या की थेट कपाटाशी. खरी करामत टॅगांत होती. काउंटरवर पोरं ज्या शब्दांत विचारायची, तेच शब्द राठोड लावायचे. कृषी अर्थशास्त्राला ‘हळदीचा भाव काहून पडतो’, समाजशास्त्राला ‘आमचा तांडा’, संख्याशास्त्राला ‘डोक्यात शिरत न्हाई’. मी पडलो मराठीचा प्राध्यापक. तपासणी समिती यायची होती, वेबसाइट माझ्याकडे होती आणि अंगात भाषाशुद्धी संचारलेली. सगळे टॅग काढले आणि अभ्यासक्रमातली भारदस्त नावं चिकटवली. समितीने ब्लॉग उघडलासुद्धा नाही. जेवणाची मात्र तारीफ केली.

राठोड ओरडले नाहीत. ‘‘सर, आता लेकरं शोधतील काय?’’ एवढंच.

‘‘शिकतील की योग्य शब्द!’’ मी म्हणालो.

‘‘ते शब्द येत असते तर आपल्याकडं काहून आले असते?’’

पुढे ब्लॉग कुणी उघडेना. राठोड एकेक लेख उघडून, आठवतील तसे टॅग पुन्हा लावत बसले. मी मदतीला गेलो नाही, माफीही मागितली नाही. शोकसभेत मात्र त्यांच्या ‘अपुऱ्या राहिलेल्या कार्या’वर भरभरून बोललो. ते अपुरं कुणी ठेवलं, हे सांगायचं तेवढं राहिलं. कॉलेजच्या अहवालात ब्लॉग ‘उत्तम उपक्रम’ म्हणून छापून आला. संकल्पना म्हणून माझं नाव. चूक आहे हे दिसलं मला... दुरुस्त करायला काही गेलो नाही.

हा लेख लिहायचा म्हणून माहितीसाठी त्यांच्या घरी गेलो आणि वहिनींसमोर पहिल्यांदा सगळं कबूल केलं. त्या उठल्या, आतून एक शंभरपानी वही आणून समोर ठेवली. राठोडांच्या अक्षरात, आठवून लिहिलेले पोरांचे शब्द, विषयवार. टॅग पुन्हा लावून झाला की शब्दावर बरोबरची खूण. मधल्या एका पानानंतर खुणा थांबलेल्या. मुखपृष्ठाच्या आत ब्लॉगचा पासवर्ड.

‘‘चूक माझीच होती, असं लेखात स्पष्ट लिहितो, वहिनी,’’ मी म्हणालो.

‘‘त्यानं लेकरायला पुस्तक सापडन का? वही न्या अन् ऱ्हायलेलं पुरं करा,’’ त्या म्हणाल्या. ‘‘अन् सर, लिवलंय तसंच लावा. तुमची अक्कल मधात घालू नका.’’