मिरची भरलेलं अंडं

मी अंगणात शिरले तेव्हा कौसल्याबाई सुनेच्या तोंडाचा वास घेत होत्या.

"आ कर. अजून मोठा."

रंजना तोंड उघडून उभी होती. सातवा महिना. हातात कोंबड्यांच्या पाण्याचं घमेलं. मला पाहून तिने तोंड मिटलं आणि मान खाली घातली. कौसल्याबाईंना काहीच वाटलं नाही.

"या मॅडम. तुमच्या कोंबड्यायच्या अंड्याचा चोर सापडला."

मी गुरांची डॉक्टर. माझा दवाखाना मालेगाव तालुक्यातला. या गावात बचत गटाच्या बायकांना आम्ही सुधारित जातीच्या कोंबड्या दिल्या होत्या. कौसल्याबाईंच्या घरून तक्रार आली होती की कोंबड्या अंडीच देत नाहीत, म्हणून माझ्या वरच्या साहेबांनी मला पाठवलं होतं.

आधी कोंबड्या तपासल्या. कोंबडी अंड्यावर आहे की नाही हे हाताने कळतं. शेपटीखाली दोन टोकदार हाडं असतात. त्यांच्यामध्ये दोन-तीन बोटं बसली, तर कोंबडी अंडी देते आहे. मी एकेक कोंबडी काखेत धरून पाहिली. बहुतेक सगळ्या अंड्यावर होत्या.

"कोंबड्या अंडी देतायत, कौसल्याबाई."

"मंग जातात कुठी? पोरगा गजानन पुन्याले कंपनीत. घरात आमी दोघीच. मी खाल्ली नाई."

"कोंबड्याच खात असतील. तशी सवय लागते त्यांना."

"नाई." त्यांनी ठाम मान हलवली. "तुमच्या सायबानंच फोनवर सांगतलं होतं, अंड्यात मिरची भरा. कोंबडी खाईन तं बोंबलन, पुन्हा तोंड लावनार नाई. मी भरली. चांगली लाल, झणझणीत. सकाळी पाह्यलं तं अंडं गायब. एक कोंबडी बोंबलली नाई. म्हंजे कोनं खाल्लं?"

"मिरची भरलेलं अंडं माणूस कशाला खाईल?"

"अंड्याची पोळी टाकली असन तव्यावर. तिखटाचा खर्च वाचला इचा."

रंजना पहिल्यांदा बोलली. "मी नाई खाल्लं, मॅडम." एवढंच. ते इतक्यांदा सांगून झालं होतं की आवाजात जोरच नव्हता. मी तिच्या डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली. पांढरीफटक, अंगात रक्तच नाही. बकरीची अशी पापणी दिसली असती तर मी उभ्या उभ्या औषध लिहून दिलं असतं.

"उद्या इंझोरीहून इचा भाऊ येऊन राह्यला," कौसल्याबाई म्हणाल्या. "घेऊन जा म्हनलं. चोरटी बाई नाई पायजे मले घरात."

मी बाहेर येऊन साहेबांना फोन लावला.

"सर, कोंबड्या अंडी खातायत. तुम्ही मिरची सांगितली होती का?"

"हो, ग्रुपवर व्हिडिओ आला होता. एकदम रामबाण."

"सर, पक्ष्यांना तिखट लागत नाही."

"कोण म्हणतं?"

"पिंजऱ्यातला पोपट मिरची कशी कुरतडतो, पाहिलंय ना?"

साहेब म्हणाले, "हे बघा मॅडम, अंडी काही पायांनी चालत जात नाहीत. सुनेला जरा खडसावून विचारा. बायकांच्या भानगडी असतात घरात."

मी फोन ठेवला. आमच्या घरात कॉलेजात गेलेली पहिली मी. दहावीच्या वर्षी आई मला रोज सकाळी एक अंडं उकडून द्यायची. घरात कोंबड्या दोन, मुलं तिघं, पण अंडं मला. का म्हणून कुणी विचारलं नाही, माझ्या तोंडाचा वास तर कुणीच घेतला नाही. त्या अंड्याचे उपकार मी विसरलेले नाही. आणि इथे एका गरोदर बाईला खुर्चीत बसून केलेल्या एका फॉरवर्डपायी चोर ठरवलं जात होतं. समजा, खाल्लं असतं तिने. कोंबड्यांची विष्ठा तीच काढते, पाणी तीच भरते. काय आभाळ कोसळलं असतं?

कोंबड्या अंडी बहुतेक सकाळीच घालतात. दुसऱ्या दिवशी उजाडताच मी पोचले आणि कौसल्याबाईंना माझ्याशेजारी बाजेवर बसवलं. रंजनाला आत बसायला सांगितलं. नंतर कुणी काही बोलायला नको.

अंडी घालायला एकच खोकं होतं, भर अंगणात, उजेडात. खाली मूठभर कुटार, म्हणजे सोयाबीनचा भुसा. त्यात एक अंडं आधीच होतं.

"हे कशाला ठेवलं?"

"आत्ताच ठेवलं. एक ठेवा लागते, मॅडम. नाई तं कोंबडी जागा सोडते. आमची सासू ठेवे, मी बी ठेवतो."

गावरान कोंबडी एखाद-दुसरी असते, अंधाऱ्या टोपल्यात बसते, तिथे खुणेचं अंडं ठेवलं तर चालतं. इथे इतक्या कोंबड्या त्याच खोक्यात चढत-उतरत होत्या. त्यात उन्हाळा. उन्हाळ्यात कोंबडी कमी खाते, तिला चुना कमी पडतो आणि अंड्याचं कवच पातळ होतं. पायाखाली ते तडकतं. एकीला चव लागते. मग तिचं बघून बाकीच्या शिकतात.

आम्हाला फार थांबावं लागलं नाही. एक तांबडी कोंबडी अंडं घालून ओरडत बाहेर पडली. लगेच दुसरी आत गेली. टक. टक. मग तिघी-चौघी धावल्या. बलक, पांढरं, कवच, सगळं संपलं. शेवटी भिजलेलं कुटारसुद्धा चोचीने उलटंपालटं करून साफ केलं.

कौसल्याबाई बाजेवरून उठल्याच नाहीत.

मी पिशवीतून आणलेलं अंडं काढलं, भोक पाडून त्यांच्याच घरची मिरची त्यात भरली आणि खोक्यात ठेवलं. तेही गेलं. तांबडीने तर चोच पुसून पुन्हा खोक्यात पाहिलं. मी तिला पकडलं. चोचीला बलक आणि लाल तिखट चिकटलेलं. तशीच ती कौसल्याबाईंच्या नाकासमोर धरली.

"घ्या. हिच्या तोंडाचा वास घ्या."

डॉक्टरने असं बोलू नये. पण बोलले.

तेवढ्यात रंजनाचा भाऊ मोटारसायकल घेऊन दारात आला. "ताईची पिशवी भरली का?"

कौसल्याबाई कोंबडीकडे बघत म्हणाल्या, "च्या पिऊन जा. पिशवीचं राहू दे."

उपाय साधाच आहे. गावच्या सुताराकडून लाकडाची अंडी करून घेतली, पांढरा रंग दिला आणि खुणेला ती ठेवली. कोंबडी टोचते, काही फुटत नाही, शेवटी कंटाळते. तेलाचे रिकामे डबे आडवे करून कोपऱ्यात लावले, आत जाड कुटार, तोंडावर पोत्याचा पडदा. अंधारात कोंबडी अंडं घालते आणि निघून जाते. खाद्यात शिंपल्यांचा चुरा दिला. अंडं घातलं की लगेच उचलायचं. सराईत दोघींना वेगळं कोंडलं. एक सुधारली. तांबडी सुधारली नाही, तिचा रस्सा झाला.

कोंबड्या मिरचीचं अंडं खाताना मी फोनवर काढलेला व्हिडिओ साहेबांना पाठवला. उत्तर आलं, "तिखट कमी पडलं असेल."

पुढच्या फेरीला गेले तेव्हा टोपलं अंड्यांनी भरलेलं होतं. कौसल्याबाई खुशीत होत्या.

"सुनेला काही म्हणालात की नाही?"

"काय म्हना लागते? घरचीच हाय. समजलं तिले."

"मग एक अंडं उकडा. आत्ता."

"तुमच्यासाठी?"

"तिच्यासाठी. मी जाण्याआधी माझ्यासमोर खाऊ दे. आणि रोज एक."

रंजनाने ते सोललं, मीठ लावलं आणि सावकाश खाल्लं. सासूकडे एकदाही पाहिलं नाही. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "मॅडम, आता वास येईन तोंडाले." आम्ही दोघी हसलो. कौसल्याबाई चहा ठेवायला आत गेल्या.

कोंबडीला अंडं खायची सवय लागते ती आपल्या चुकीने, आणि बहुतेकदा थोड्या दिवसांत सुटते. सुनेवर संशय घ्यायच्या सवयीवर चालेल असं लाकडी अंडं अजून कुठल्या सुताराने केलेलं नाही. साहेबांसाठीही नाही.