माझी बायको मला पहिल्यांदा कुठे भेटली, हे मला श्रीलंकेत कळलं

इमर्जन्सी उठली त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. श्रीलंकेतलं अनुराधापूर. एका परक्या घरात जेवायला बसलो होतो आणि हातातला घास हातातच राहिला...

प्रमिला आणि मी नंतर पुष्कळ फिरलो. थायलंड झालं, जपान झालं, मुलीकडे कॅनडालाही राहून आलो. पण पहिला परदेश तो. नागपूरच्या आमच्या विहारातून एक ग्रुप निघाला होता. रेल्वेने रामेश्वरम, तिथून बोट. बोटीत प्रमिलाला इतकं मळमळलं की "मला परत घरी न्या" एवढंच म्हणत होती.

अनुराधापूरला एका रिटायर्ड शिक्षकांनी आम्हा दोघांना जेवायला बोलावलं. त्यांचं इंग्रजी फर्डं, आमचं तोडकंमोडकं. त्यांच्या पत्नीने हौसेने विचारलं, तुम्ही दोघं पहिल्यांदा कुठे भेटलात? मी लगेच सांगितलं, सीताबर्डीच्या टायपिंग क्लासमध्ये. सगळे हसले.

मग शिक्षकांनी गोष्ट छप्पन सालच्या नागपूरच्या धम्मदीक्षेवर आणली. तुम्ही होतात का तिथे? मी मान हलवली, वडिलांबरोबर होतो. प्रमिला म्हणाली, "मीही होते. पण मी हरवले होते."

लहानपणी ती हरवली होती, एवढं मला माहीत होतं. पण कुठे, कधी, ते कधी बोलणं झालं नव्हतं. त्या दिवशी ती पहिल्यांदा सगळं सांगायला लागली...

पाचेक वर्षांची होती. गर्दीत आईचा हात सुटला. सगळ्या बाया पांढऱ्या लुगड्यांत, त्यातली आपली आई कोणती? ती रडत उभी राहिली. एका माणसाने तिला जवळ घेतलं. त्याच्याबरोबर त्याचा आठ-नऊ वर्षांचा मुलगा होता. कोणीच सुटू नये म्हणून त्याने आपल्या शेल्याच्या एका टोकाला मुलाला बांधलं, दुसऱ्या टोकाला हिला. मधला भाग स्वतःच्या मनगटाला गुंडाळला आणि ओरडत फिरला, "पोरगी कोनाची आहे जी, पोरगी!"

"मग मला आई दिसली आणि मी जी धावले... शेला ताणला गेला, माझी गाठ सुटली. तो मुलगा तोंडावर आपटला. मी वळून पाहिलं, तर त्याचा पुढचा दात तुटला होता. आईने मला उचललं, वर बघते तर गर्दीत तो माणूस दिसेना. आईने त्याचा चेहराही नीट पाहिला नव्हता, तरी ती अजून दरवर्षी तिथे जाऊन त्याला शोधते."

यजमानीणबाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. माझा पुढचा दात अर्धा तुटलेला आहे. प्रमिलाने त्यांच्या नजरेच्या रोखाने पाहिलं.

"अहो... तुम्ही तर म्हणाला होतात, लहानपणी पडलो म्हणून."

"पडलोच होतो," माझ्या तोंडून कसंबसं निघालं. "तू पाडलंस."

कोणी हसलं नाही. ती रडणारी मुलगी मला आठवत होती, पण ती रोज माझ्या घरात वावरते आहे हे...

आणि मग दुसरा धक्का. प्रमिला हळूच म्हणाली, "आईला काय सांगायचं?"

तुम्हाला सांगायला हवं. माझे वडील मिलमध्ये कामगार. सासूबाई शाळेत शिक्षिका, विधवा. एकटीने मुलगी वाढवलेली. आमच्या लग्नाचं कळलं तेव्हा त्या आमच्या घरी आल्या आणि चार माणसांसमोर माझ्या वडिलांना वाट्टेल ते बोलल्या. मशीनवर राबणाऱ्याच्या घरात माझी शिकलेली पोरगी देणार नाही, म्हणाल्या. वडील एक शब्द बोलले नाहीत. आम्ही लग्न केलं, त्या आल्या नाहीत. त्यानंतर त्यांनी आमचा उंबरा ओलांडला नव्हता.

नागपूरला पोचलो आणि स्टेशनवरून थेट त्यांच्याकडे गेलो. प्रमिलाने सगळं सांगितलं. सासूबाई ऐकत होत्या. मग उठल्या, पायात चपला घातल्या. "चाल वं," एवढंच म्हणाल्या.

आमच्या घरी वडील अंगणात खाटेवर बसले होते. विहीणबाईंना दारात बघून गडबडीने उठले. "या ना, विहीणबाई. बसा."

त्या बसल्या नाहीत. "दीक्षेच्या दिवशी हरवलेली पोरगी आणून देनारे तुम्हीच होते काय जी?"

वडिलांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "हो."

"तुम्हाले मालूम होतं? ती मीच म्हनून?"

"तुम्ही तवा भांडाले आल्या, तवाच ओळखलं मी."

सासूबाई एक पाऊल पुढे आल्या. "मंग... मंग बोलले काहून नाही?"

"काय बोलू, बाई? तुमची पोरगी म्या आनून देल्ली होती, आता माह्या पोराले द्या, असं म्हनू? अशी मागतात काय पोरगी?"

सासूबाई तिथेच खाली, जमिनीवर बसल्या. तोंडाला पदर लावून कितीतरी वेळ रडत राहिल्या. वडील अवघडून नुसते उभे. त्या दिवशी त्या पहिल्यांदा आमच्या घरी जेवल्या.

दोघंही आता नाहीत. श्रीलंकेत बसलेला धक्का कधीच ओसरला... पण वडिलांच्या त्या उत्तराचा नाही. सासूबाईंना गप्प करणारं उत्तर जवळ असूनही भांडणाच्या दिवशी ते ऐकून घेत उभे राहिले, आणि मी बाजूला उभा राहून त्यांना दुबळा समजत होतो. असा माणूस माझा बाप होता, एवढंच आज सांगायचं होतं.