मोडायची दारं

मिस्त्रींच्या हातचं दार आठ दिवस टिकलं, तर त्यांनाच चुकल्यासारखं व्हायचं. विशेष दलाच्या सराव केंद्रात ते एकोणीस वर्षं सुतार होते, आणि तिथं दार करायचं ते मोडण्यासाठीच. सकाळी यांनी चौकट उभी करायची, बिजागऱ्या बसवायच्या, आणि दुपारी जवानांनी लोखंडी ओंडक्याच्या एका दणक्यात दाराची फळकुटं करायची. "जगातले सुतार चोर आत येऊ नये म्हणून दार करतात," बायको म्हणायची, "तुमचं सगळंच उफराटं. आणि आपल्या न्हाणीघराचं दार तीन वर्षं लोंबतंय ते?" मिस्त्री पटकन चपला घालून कामाला निघायचे.

पण त्या पोरांचं काम बघताना मिस्त्री दरवेळी नव्यानं थक्क व्हायचे. आठ जण अंधाऱ्या खोलीत शिरायचे, ना हाक ना शब्द, आणि कुणाचा खांदा कुणाला लागायचा नाही. अहो, आपल्या घरी चौघं एकदम बाहेर निघाली तरी दारात चेंगराचेंगरी होते! सगळ्यांत पुढे असायचा तो 'पहिला'. दारातून आधी तोच जायचा म्हणून सगळे त्याला पहिलाच म्हणत. हा पठ्ठ्या जेवणाच्या सुट्टीत मिस्त्रींच्या सुतारकामाच्या कारखान्यात येऊन भुशावर बसून डबा खायचा. "काका, आजचं दार चिवट होतं हं," म्हणायचा. मिस्त्रींचा जीव होता त्याच्यावर.

दलाचा एक नियम होता. सरावात कुणालाही चूक दिसली, की त्यानं हात वर करून 'थांबा' म्हणायचं. मग म्हणणारा साहेब असो की झाडूवाला, सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचं. मिस्त्रींनी एकोणीस वर्षांत कधी हात वर केला नव्हता. आपण लाकडातले, आपल्याला त्यातलं काय कळतं, असा त्यांचा सरळ हिशेब.

आणि मग तो दिवस उजाडला. सकाळीच तीन बंदूकधाऱ्यांनी एका विमा कचेरीचा दुसरा मजला ताब्यात घेतला. आत अकरा माणसं अडकली. दलाचे साहेब नकाशा घेऊन स्वतः कारखान्यात आले. "मिस्त्री, दीड तासात हा मजला मला इथं उभा करून हवाय. पोरांना सराव करायचाय."

मिस्त्री आणि त्यांचे दोन जोडीदार सुतार नुसते तुटून पडले. प्लायवूडच्या भिंती, टेबलांच्या जागी खोकी, आणि शेवटी मोठ्या खोलीचं दार. वेळेत झालं. पोरं सरावाला लागली. ओंडका, दणका, आत. दार ठीकठाक करा, पुन्हा दणका, पुन्हा आत. चौदा वेळा! घामानं निथळत होती, पण पाऊल इंचभर चुकत नव्हतं. मिस्त्री हातोडी हातात धरून आ वासून बघत राहिले.

तेवढ्यात त्या कचेरीची सफाईवाली मावशी आली. बंदूकवाले घुसले तेव्हा ती साबण आणायला खाली गेली होती, म्हणून वाचली. टेबलं बरोबर जागी आहेत का, ते सांगायला साहेबांनी तिला बोलावलं होतं. ती बिचारी थरथरत दारापाशी गेली, मूठ धरली, स्वतःकडे ओढली आणि एक पाऊल मागे सरली. दार हललं नाही. मग तिनं ते ढकललं आणि मुकाट्यानं आत गेली.

मिस्त्रींनी हातोडी खाली ठेवली.

त्यांनी नकाशा उलगडला. दार कुठल्या बाजूला उघडतं ते दाखवणारी कमान बाहेरच्या बाजूला काढलेली होती, स्पष्ट. दार बाहेर उघडणारं होतं! सरावाची दारं कायम आत उघडणारी, म्हणून सवयीनं हातांनी तसंच बसवलं आणि डोळ्यांनी कागद बघितलाच नाही. बाहेर उघडणाऱ्या दारावर ओंडका मारला तर ते चौकटीत अडकून बसणार, आणि आतल्या बंदुकांसमोर पहिला उभा असणार. पोरं गाडीकडे निघाली होती. आता सांगितलं तर एकोणीस वर्षांची अब्रू मातीत, चौदा सराव पाण्यात.

मिस्त्रींनी हात वर केला. "थांबा!"

आवाज चिरकला, पण सगळे थांबले. चिलखतं घातलेली, बंदुका घेतलेली ती माणसं एका सुतारासाठी खिळल्यासारखी उभी राहिली. कुणी 'हा कोण' म्हणून भुवईसुद्धा उचलली नाही. मिस्त्रींना भरून आलं.

"दार उलटं बसवलंय साहेब. माझी चूक. खरं दार बाहेर उघडतं."

साहेबांनी मावशीकडे बघितलं. "होय हो," ती पुटपुटली, "मला वाटलं, एवढ्या मोठ्या माणसांचं चुकेल कसं! आणि त्याची कडी वर्षभर तुटलेलीच आहे. नुसतं ओढलं की येतं."

साहेब रागावले नाहीत. "किती मिनिटं लागतील?" एवढंच विचारलं. मिस्त्रींनी सात सांगितली आणि सहात दार फिरवलं. ओंडका बाजूला पडला. पोरांनी नव्यानं पाच वेळा सराव केला आणि ती गेली.

त्यानंतर मिस्त्रींनी दुपारभर एकाच फळीवर रंधा मारला. फळी कागदाएवढी झाली तरी त्यांना भान नव्हतं.

ऊन उतरताना गाड्या परतल्या. अकराच्या अकरा माणसं सुखरूप होती. पहिला सरळ कारखान्यात आला आणि भुशावर बसला. मिस्त्रींनी त्याला पाण्याचा पेला दिला, तर ओठांपर्यंत नेताना त्याच्या हातून निम्मं पाणी मांडीवर सांडलं.

"काका, त्यांनी दाराला आतून एक बाई टेकवून बसवली होती. हात बांधलेले, पाठ दाराला. मी ओढलं, तशी ती माझ्या अंगावरच कोसळली." त्यानं ओल्या मांडीला चिकटलेला भुसा झाडला. "दणका तिच्या पाठीत बसला असता, आणि ओंडका माझ्याच हातात असणार होता."

मिस्त्री त्याच्याजवळ भुशात बसले, पेला स्वतःच्या हातात घेतला आणि लेकराला पाजावं तसं त्याला घोट घोट पाणी पाजलं.