केतुराबाईंचं टाकं

केतुराबाई केळशीकर म्हणजे फटकळपणाचा अर्क. त्यांच्याशी वाद घालायचा तर घरून जेवूनच निघावं लागे. आमच्या केळशीत शनवार तेल्यांची, म्हणजे शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या बेने इस्राएल ज्यूंची, पाचच घरं. पण केतुराबाईंच्या परसातलं जांभ्यात खोदलेलं टाकं पंचक्रोशीत नावाजलेलं. लग्नाआधी आणि दर महिन्याची पाळी सरली की त्यांच्या बायकांनी त्यात नखशिखान्त बुडी घ्यायची, असा त्यांचा धर्म. पार खेडहून बायका येत. कोण धर्म किती पाळते, हे बाई कुणालाच विचारत नसत. बाळंतपणाचा विटाळ फेडायला आम्हा कोळणींनाही तिथं मुभा होती. अट एकच, अंग घासून आणि केस सोडून यायचं. एक बट जरी वर राहिली तरी बाई काठावरून ओरडत, "परत!" सगळं बुडालं की म्हणत, "कोशेर!" म्हणजे शुद्ध झालीस. कुंपणापलीकडे मासळी सुकवताना ऐकून ऐकून दोन्ही शब्द आम्हाला पाठ झाले होते.

१९३४च्या मे महिन्यात बाईंच्या लेकीचं, लेआचं, लग्न ठरलं. वऱ्हाड मुंबईहून बोटीनं निघायच्या बेतात, आणि नेमकं टाक्यातलं पाणी खडकात कोरलेल्या रेघेच्या चार बोटं खाली गेलं. रेघेइतकं पाणी नसेल तर ती बुडी धर्माला चालत नाही. बाईंचा उपाय तयार होता. डोंगरातल्या झऱ्यापासून त्यांनी चर खणून घेतला होता. तो टाक्याला जोडला की एका रात्रीत काम झालं असतं. पण माझ्या सासूजवळ, सगुणाबाईंजवळ, त्या एवढंच बोलल्या, "चार बोटां पाणी कमी पडताहे गो."

कमी पडल्याचं ऐकून सासूबाई गप्प बसणाऱ्यातल्या नव्हेत. बाई बाजाराला गेल्या तशी त्यांनी आख्खी आळी गोळा केली. विहिरीपासून टाक्यापर्यंत आमची रांग लागली. टाकं काठोकाठ भरलं. शेवटच्या दोन कळशा माझ्या, आणि वर जास्वंदीचं फूल सोडायची हौसही माझीच.

बाई परतल्या, पाहिलं, आणि पायरीवर मटकन बसल्या.

"कुणी ओतलान ह्या?"

"आमीच!" सासूबाई फुशारकीनं म्हणाल्या.

"अगो, हातानं ओतलेला पाणी चालत नाय! आपल्या पायानं आलेला लागता. रेघेखाली असताना कळशी ओतली की सगळा बाद!"

टाकं उपसून नव्यानं भरायला झऱ्याला पंधरा दिवस लागले असते, आणि लग्न तर तीन दिवसांवर. बुडीशिवाय लेकीला मांडवात उभी करणं बाईंच्यानं होणार नव्हतं. त्या रडायला लागल्या. आम्ही रिकाम्या कळशा पदराआड लपवत उभ्या राहिलो. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

सासूबाईंना मात्र पश्चात्ताप फार वेळ झेपत नसे. "केतुरा, दर्या कुणी कळशीनं भरलाय काय गो?"

बाईंनी डोळे पुसले. दर्या चालतो, हे त्यांना ठाऊक होतं. पण सारा जन्म केळशीत काढून लाट कधी त्यांच्या घोट्याच्या वर आली नव्हती. पाण्याची भारी भीती. आणि बुडी नीट झाली का हे जवळून पाहायला त्यांनाच आत उतरावं लागणार होतं.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलल्यावर सासूबाईंनी होड्यांवरच्या गड्यांना शेलक्या शिव्या देऊन खाडीपर्यंत पिटाळलं. आम्ही बाराजणी पाण्यात लुगडी ताणून गोल उभ्या राहिलो. मधे लेआ. एका हातानं सासूबाईंचा खांदा आणि दुसऱ्यानं त्यांचा अंबाडा धरून बाई कमरेइतक्या पाण्यात आल्या. डोळे गच्च मिटलेले.

"डोळे उघड! नायतर बघशील काय, माझा कपाळ?" सासूबाई खेकसल्या.

लेआ बुडाली. एक बट वर तरंगली.

"परत!" बाई अशा कडाडल्या की भीतीबिती सगळी विसरल्या.

दुसऱ्या खेपेला लेआ पुरती आत गेली. पाण्यावर काहीही उरलं नाही. बाईंनी तोंड उघडलं, पण शब्दच फुटेना. नुसतं रडू येत होतं. लेआ वर आली आणि आईकडे बघत थांबली.

मग आम्हीच, बाराही जणी, एकदम ओरडलो, "कोशेर!"