एकट्याचा फोटो

मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास माझा भाऊ मुरबाडच्या स्टँडवर आपल्या जीपमध्ये बसला होता. कल्याणच्या दोन सीट भरायच्या होत्या. त्याने स्टिअरिंगवर डोकं टेकलं. सीट भरल्या तेव्हा तो उठला नाही.

मी किन्हवलीला होते, शाळेच्या ग्रंथालयात. निरोप ऐकला आणि मनात सगळ्यात आधी आला तो माझ्या फोनमधला एक फोटो. रडू नंतर आलं. आधी आली ती भीती, की हे मी केलं.

याला कारण आहे, ते सांगायला हवं.

आमच्या घरात एकट्या माणसाचा फोटो काढत नाहीत. वडिलांनी म्हशाच्या जत्रेत एकदा स्वतःचा काढून घेतला होता. मागे रंगवलेला पडदा, पडद्यावर विमान, आणि पुढे नवा सदरा घालून वडील. पुढच्या पावसाळ्याच्या आत ते गेले आणि तोच फोटो भिंतीवर लागला. तेव्हापासून आईचा नियम झाला: फोटोत दोन तरी माणसं हवीत. एकटा काढला की तो हार मागतो. आजोबांच्या पिढीने धम्म घेतला तेव्हा घरातले देव, टाक, अंगारे सगळं नदीत सोडलं. ही भीती तेव्हा घरात नव्हती, म्हणून ती सोडायची राहून गेली. मी चार बुकं शिकले, ग्रंथपाल झाले. तरी स्वतःचा एकटीचा फोटो काढायची वेळ आली की शेजारच्या बाईचा हात धरते.

भाऊ मोठा, मी त्याला दादा म्हणायचे. त्याच्या लग्नातल्या प्रत्येक फोटोत त्याला कोणीतरी चिकटलेलं आहे. लायसन्सवरच्या फोटोबद्दल विचारलं की म्हणायचा, "तो मी नाय काडला, सरकारनी काडलाय. मेलं तर सरकार मरंल."

गेल्या हिवाळ्यात शाळेने मला एक काम दिलं. जुन्या शेतीच्या आणि घरातल्या वस्तूंचे फोटो काढून मुलांसाठी तक्ते करायचे. मुरबाडच्या पुढे एका संस्थेच्या जागेत लहानसं संग्रहालय आहे. कौलारू इमारत, तीन खोल्या, काचेची कपाटं. दादाने सुट्टी घेतली आणि मला जीपमधून नेलं.

फोटो काढण्याबद्दल मी आधी एक पुस्तक वाचलं होतं आणि वहीत टिपणं केली होती. फ्लॅश लावायचा नाही, काचेत त्याचा पांढरा डाग पडतो. फोन काचेच्या अगदी जवळ धरायचा, थोडा तिरका. वस्तू जमिनीवर असेल तर आपणही खाली बसायचं, वरून काढली की ती बुटकी दिसते. वस्तूनंतर लगेच तिच्या पाटीचा फोटो घ्यायचा, नाहीतर घरी गेल्यावर कुठली पाटी कशाची ते कळत नाही. तरी पहिल्या कपाटाच्या काचेत मागची खिडकी उमटत होती. दादाने काही न विचारता अंगातलं काळं जाकीट काढलं आणि माझ्या मागे पडद्यासारखं पसरून धरलं. काच एकदम स्वच्छ झाली. आत धान्य साठवायची कणगी दिसली, तिच्यावरचा शेणाचा लेप, त्यातली बोटांची वळणंसुद्धा.

"हात दुखतात रे दादा?"

"गाडी चालवून दुखत नाय, जाकीट धरून काय दुखतील? काड तू. भांड्यांचे फोटो काडायला पगार देतात, मजा हाय तुमची."

राखणदार म्हातारा दाराशी बसला होता. त्याने सांगितलं, "फ्लॅश नको हां बाय."

"काका, ती इतकी भिते, फोनची रिंगपन वाजू देत नाय," दादा म्हणाला.

दुसऱ्या खोलीत इरलं होतं. बांबूच्या कामट्यांचं आणि पळसाच्या पानांचं, पावसात भात लावताना पाठीवर घ्यायचं. तसलंच इरलं आईने आमच्या लहानपणी स्वतः विणलं होतं. दादा ते बघत उभा राहिला.

"आईला सांगू नको गो," तो म्हणाला. "इरलं काचंत गेलं म्हनलं तर ती बी येईल आत बसायला. तिकीट लाव म्हनंल."

मी हसले. मग सहज म्हटलं, "दादा, असाच उभा राहा. एक काढते तुझा."

त्याने मान हलवली. "तू ये बाजूला. काका काडतील."

"माझं तोंड नको. प्रकाश चांगला आहे, तुझा एकट्याचा..."

"हार घेऊन ठेवलास काय?" हे तो हसत म्हणाला, पण लगेच खिडकीपासून दूर झाला. मी विषय सोडला.

कायमचाच सोडायला हवा होता. पण थोड्या वेळाने तो परत त्या इरल्यापाशी आला. माझं लक्ष नाही असं त्याला वाटलं असावं. खिडकीतला उजेड एका बाजूने त्याच्या गालावर पडला होता, दुसरी बाजू मऊ सावलीत होती. तो भिंतीपासून पाऊलभर पुढे उभा होता, त्यामुळे मागची भिंत आपोआप अंधुक झाली होती. पुस्तकात माणसाच्या फोटोबद्दल जे जे लिहिलं होतं ते सगळं जुळून आलं होतं. तो पानांचे थर मोजत होता, ओठ जरासे हलत होते, आणि काहीतरी आठवून त्याला हसू येत होतं. मी फोन छातीशी धरला आणि बटण दाबलं. आवाज बंदच होता.

परतीच्या वाटेवर मी फोन पिशवीच्या तळाशी ठेवला आणि खिडकीबाहेर बघत राहिले. त्याने विचारलं, "काय गो, गाडी लागली काय?" मी हो म्हटलं.

पुढचे सात-आठ महिने मी भीत राहिले. तो खोकला की भ्यायचे. घाटातून गाडी उशिरा आली की भ्यायचे. तीन वेळा तो फोटो पुसायला घेतला. "पुसायचा का?" असं फोन विचारतो, तेव्हा त्याचं तोंड समोर असायचं आणि बोट पुढे जायचं नाही. ठेवला तर काही होईल, आणि पुसला तर मीच माझ्या हाताने त्याला पुसलं असं होईल. वाचलेलं सगळं मला सांगत होतं की यात काही तथ्य नाही. ते मला पटत होतं, आणि तरी मी भीत होते.

तो गेल्यावर तिसऱ्या दिवशी पुण्यानुमोदनाच्या विधीची तयारी सुरू झाली. बुद्धमूर्तीशेजारी ठेवायला फोटो हवा होता. लायसन्सवरचा फोटो स्टुडिओत मोठा करून आणला, तर त्यात दादा पोलिसांनी धरून आणल्यासारखा दिसत होता. लग्नातला कापून घ्यावा म्हटलं, तर खांद्यावर मामाचा हात राहत होता. स्टुडिओवाल्याने सांगितलं, हात काढून टाकतो, वर कोट-टाय लावतो.

"कोट त्यांनी कदी घातला?" वहिनी म्हणाली. "लोक विचारतील, ह्यो कोन साहेब." मग तिने दोन्ही कागद उलटे ठेवले आणि भिंतीकडे तोंड करून बसली. "एक तोंड नाय मिळत त्यांचं. एवडी वर्सं सोबत राह्यले, एक तोंड नाय."

माझ्या पिशवीत फोन होता. मी तो काढला आणि परत ठेवला. आई पुढच्या खोलीत बायकांत बसली होती. वहिनीने एकदा जरी विचारलं असतं, "तू काडलास? म्हनून गेले," तर त्या घरात मला पुन्हा पाऊल टाकता आलं नसतं. पण फोटो दिला नाही, तर कोट घातलेला कोणीतरी परका कायमचा भिंतीवर बसणार होता. मी फोन तिच्या मांडीवर ठेवला.

ती बराच वेळ बघत राहिली. बोटांनी फोटो मोठा केला, डोळे पाहिले, हनुवटीवरचा दाढीचा खुंट पाहिला.

"कदी काडलास?"

मी सांगितलं.

"त्यांला ठावं व्हतं?"

"नाय. नको म्हणाला होता."

मी तिच्यासमोर खाली बसले. ती रागावली नाही. रडलीही नाही.

"म्हनून असा हाय," ती म्हणाली. "ठावं असतं तर अंग आवळून उबे राह्यले असते. घरी असेच असायचे, कोन बगत नसलं की." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "पन इचारून काडायचा व्हतास. नाय म्हनाले व्हते ना."

"हो."

"आईला सांगू नको. तिथल्या मानसानी काडला म्हन."

स्टुडिओवाल्याला आम्ही काहीही बदलू दिलं नाही. मागे इरल्याची कड दिसते, ती तशीच राहिली. पुण्यानुमोदनाला आलेले लोक फोटोपाशी थांबत होते. जीप चालवणारे त्याचे सोबती म्हणाले, हा बरोबर तो आहे. आईने पदराने काच पुसली आणि फोटो कोणी काढला ते विचारलं. मी वहिनीने शिकवलेलं उत्तर दिलं. "चांगला काडला," ती म्हणाली, "पन एकट्याचा का काडला त्यानी?"  मी पाणी आणायला आत गेले.

तक्ते पूर्ण झाले आणि शाळेत लागले. त्याआधी राहिलेले फोटो काढायला मी एकदा त्या संग्रहालयात एकटी जाऊन आले. काचेतला उजेड अडवायला मागे कोणी नव्हतं, त्यामुळे त्या फोटोंत खिडकी उमटली आहे. वही अजून माझ्याकडे आहे. माणसांचे फोटो मी काढत नाही. तो फोटो अजून माझ्या फोनमध्ये आहे, आणि मला अजूनही त्याची भीती वाटते.