भागोजी शाहिरांनी खोडलेली ओळ

भागोजी दिवसा रत्नागिरीच्या एसटी स्टँडवर रिक्षा चालवतात आणि गणपती झाले की शंकराची बाजू घेऊन भांडतात. आमच्याकडे शक्ती-तुऱ्याची डबल बारी, म्हणजे दोन शाहिरांचा गाण्यातला सवाल-जबाब, होते. तुरेवाला शाहीर गाऊन सांगतो शिव मोठा, शक्तीवाला गाऊन सांगतो देवी मोठी. भागोजी तुरेवाले. समोर देवीच्या बाजूनं अठ्ठावीस वर्षं एकच माणूस, आंब्याची बाग राखणारा महिपत. दुसरा कुणी भागोजींना चालतच नाही. म्हणतात, "बाकीचे गातात बरे, पण भांडायला महिपतच पायजे."

यंदा आमच्या मंडळाला शहाणपण सुचलं. कुठल्याशा बारीची क्लिप मोबाईलवर फिरून हाणामारी झाली होती. अध्यक्ष विनोद म्हणाला, गाणी आधी तपासायची, कुणाच्या श्रद्धेला धक्का नको. मी सचिव, म्हणून लाल पेन माझ्या हातात आलं. खोटं कशाला बोलू, मला ते आवडलंही.

भागोजींच्या वहीतला पहिलाच सवाल होता: समुद्रातून विष निघालं, ते प्याला माझा शंकर, तेव्हा तुझी देवी कुठे लपली होती? मी ताबडतोब काट मारली. त्याखाली होतं: महिपत घालतो लोटांगण, भिऊन धरली देवी. यावर आम्ही पोट धरून हसलो. ओळ पास. विनोदनं तर दोन्ही ओळी तिखटमीठ लावून नाक्यावर ऐकवल्या.

दुसऱ्या दिवशी महिपतचा निरोप आला, यंदा गाणार नाही. भागोजींचं तोंड एवढंसं झालं. विषाचाच सवाल लागला असणार, असं आम्हा दोघांनाही वाटलं. दुपारची भाडी सोडून ते मला रिक्षात घालून थेट बागेत गेले. महिपत कलमांखालचं गवत काढत होता.

"विषाचा सवाल काढलाय रं," भागोजी म्हणाले, "पण तू ये."

महिपत उसळलाच. "तो कशापायी काढलास? त्याचा जबाब तयार हाय माजा! विष गळ्यातच थांबलं, पोटात नाय उतरलं, ते कुणी अडवलं? माज्या देवीनं, गळा दाबून!"

म्हणजे गाणार नाही म्हणत या गृहस्थानं जबाब बांधून ठेवला होता.

"मग अडलंय कुठं?"

"लोटांगणावर. देवीला धाकटी म्हणालास, त्याला जबाब देतो. मी भिऊन देवी धरली म्हणालास, त्याला काय देऊ? भ्यालेलो, खरंच भ्यालेलो. पण मी भ्यालो म्हणून देवी धाकटी कशी होते, सांग."

गेल्या वर्षी महिपतची बायको हौसा हॉस्पिटलात होती, आज का उद्या अशी. तिला भागोजींनीच रिक्षातून नेलं होतं. नंतर महिपतनं देवळाच्या अंगणात लोटांगण घातलं, तेव्हा त्यानं काढलेला सदरा हातात धरून उभा राहिलेला माणूसही भागोजीच. दुसऱ्या कुणी ते पाहिलंच नव्हतं.

भागोजींनी वही उघडली, माझ्या खिशातलं लाल पेन ओढून घेतलं आणि कागद फाटेस्तोवर ती ओळ खोडली. "हशा मिळंल म्हणून लिवली रं. चुकलो."

मला माझीच लाज वाटली. खरा सवाल मी कापला होता आणि दोस्ताला मारलेली चपराक पास केली होती.

बारी झाली. मी कापलेला विषाचा सवाल भागोजींनी दणक्यात टाकला. जबाब बागेत ऐकलेलाच, पण महिपतनं गाताना देवीचा हात शंकराच्या गळ्याला असा लावला की भागोजींनी डफवाल्यालाच थांबवलं. मग त्यांनी माईकवरच कबूल केलं, "नाय बाबा, याला जबाब नाय माज्याकडं."

पहिल्याच रांगेत हौसावहिनी बसल्या होत्या, ठणठणीत. त्या ओरडल्या, "मग येता का आमच्या देवीकडं?"

"छ्या!" भागोजी म्हणाले. "सवाल हरलोय, शंकर नाय!"

सगळ्यांत मोठी टाळी महिपतची होती.