दप्तरावर शिंपडलेलं पाणी

"ठेव खाली. हो मागं. अजून हो."

मी झाले. पाठ पडवीच्या खांबाला टेकली, तेव्हा भाऊसाहेब पुढे आले. हातात तांब्या, तांब्यात तुळशीचं पान. उंबऱ्यावर मी ठेवलेल्या गठ्ठ्यावर त्यांनी पाणी शिंपडलं, ओठांत काहीतरी पुटपुटले आणि मग तो उचलून आत नेला.

गठ्ठा कागदांचा होता. मीच तो सकाळी उन्हात पसरला होता. पानापानातली वाळवी झटकली होती, कडुलिंबाचा पाला घालून जाड कापडात पुन्हा बांधला होता. दिवसभर माझे हात त्याला चालले. संध्याकाळी आत जाताना मात्र त्याला पाणी.

पहिल्यांदा मला वाटलं, किड्यांचं औषध असेल. मी बघत राहिले. भाऊसाहेब म्हणाले, "काय बघतेस? कागद म्हणजे सरस्वती. तुम्हा लोकांचा हात लागला की असं करावं लागतं."

मी मान खाली घातली. मला तेवढंच येत होतं. लहानपणापासून मी कमी बोलते. चारचौघांत तर बोलतच नाही.

हे काम मला कसं मिळालं ते सांगते. कासार आंबोलीहून पौडकडे जाताना रस्त्याच्या आतल्या बाजूला एक दगडी बंगला होता. लढाईच्या दिवसांत मुंबईवर बॉम्ब पडतील अशी भीती होती, म्हणून सरकारच्या सर्वांत मोठ्या वकिलाच्या कचेरीतलं जुनं दप्तर लॉऱ्या भरून तिथं आणलं. लढाई संपली. इंग्रज गेले. दप्तर राहिलं. सरकारनं लोकांवर केलेले खटले, लोकांनी सरकारवर केलेले, जमिनीचे, जंगलाचे, फाशीची अपिलं. सगळं लाकडी मांडण्यांवर छतापर्यंत रचलेलं. त्यावर मुंबईनं एक कारकून नेमला, ते भाऊसाहेब. मुंबईहून मागणी आली की ते हवा तो गठ्ठा शोधून पाठवायचे. धूळ, वाळवी आणि विंचू यांच्यासाठी बाई हवी होती. गावातली कोणी येईना. तेव्हा आमच्या वस्तीत निरोप आला. मी विधवा. घरात सासू आणि मी. आमच्या वस्तीनं नुकताच धर्म बदलला होता आणि गावात कोणी आम्हाला सरळ काम देत नव्हतं. मी गेले.

मी चौथी शिकले आहे हे मला कोणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. वडिलांच्या हट्टापायी शाळेत गेले, दाराजवळ वेगळी बसून शिकले. लग्न झालं आणि वाचायला काही उरलं नाही. आमच्या घरात छापलेलं असं काही नव्हतंच.

आणि आता एवढा कागद.

पानं उन्हात पसरायची, वारा येईल म्हणून कोपऱ्यांवर खडे ठेवायचे. इंग्रजी पुष्कळ असायचं, मोडीही असायची. बाळबोध अक्षर आलं की माझे डोळे थांबायचे. भाऊसाहेब आत आरामखुर्चीत असायचे. मी खडा ठेवता ठेवता वाचायची. आधी अक्षरं लावत, मग भराभर.

एक कागद वाचला नसता तर बरं झालं असतं, असं मला पुष्कळदा वाटलं. आता वाटत नाही.

मावळाकडच्या एका बाईचा जबाब होता. तिचं नाव मी लिहीत नाही. विहिरीत तिचं तान्हं मूल सापडलं होतं. जबाबात लिहिलं होतं, 'सदरहू कृत्य मी राजीखुशीने व पूर्ण समजून केले असून याबाबत मला अधिक काही सांगणे नाही.' खाली, 'वाचून दाखविले, बरोबर आहे. निशाणी डाव्या हाताचा अंगठा.'

मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. ती बाई आमच्यासारखीच बोलत असणार. हितं, तितं, न्हाई, व्हय. 'सदरहू' असं ती जन्मात बोलली नसेल. मग हे कोण बोललं? तिच्या तोंडातून हे कोणी काढलं, का तोंडाशी गेलंच नव्हतं?

आणि तो अंगठा. बाकीच्या कागदांवर अंगठे गोल होते. हा गोल नव्हता. ओढलेला होता. शाईची शेपटी कागदाच्या कडेपर्यंत गेलेली. कोणी मनगट धरून टेकवलं आणि तिनं हात मागं ओढला, असा.

तिचं पुढं काय झालं ते गठ्ठ्यात इंग्रजीत होतं. ते मला वाचता आलं नाही. पण अपील फाशीचं होतं, एवढं वरच्या बाळबोध चिठ्ठीवर होतं.

त्या दिवसापासून ती बाई माझ्याबरोबर यायला लागली. दप्तराच्या खोलीत वारा नसताना कागद सळसळायचे. वाळवी असेल. मला वाटायचं, आत माणसं दाटीनं उभी आहेत आणि बाहेर काढा म्हणतायत. भाकरी थापताना पिठावर माझा अंगठा उमटला की मी तो पुसून टाकायची. चुलीच्या काजळीवर उमटला तरी पुसायची. सासूनं ते पाहिलं.

"काय पुसतीस गं सारखी?"

"आत्या, त्या बंगल्यात लई मान्सं हायती."

"कुटं? त्यो भाऊसाहेब एकटाच तर असतोय."

"कागदातली."

"मंग बरंय की. भाकरी तरी मागत न्हाईत."

मी हसले नाही. मग तिला पाण्याचं सांगितलं. तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं आणि माझ्याकडे बघितलं.

"कागदावर पानी? रोपं लावलीत काय?"

"माझा इटाळ जातो म्हनं."

"घाल म्हनावं रोज. हातभर उगवतील." ती हसली. नंतर हळूच म्हणाली, "आमच्या येळंला गोमूत्र मारायचे. तुझं पान्यावर भागलं."

पावसाळा लागला. मुळशीकडचा पाऊस, थांबायचं नाव नाही. ऊन नसल्यानं गठ्ठे पडवीतच सोडून झटकायचे आणि बांधायचे. पाणी शिंपडणं चालूच. उन्हाळ्यात शिंपडलेलं वाळून जायचं. आता जात नव्हतं. कापड ओलं राहायचं, त्याला कुबट वास यायचा. मांडणीवर गठ्ठे एकावर एक दाबून बसायचे.

एक दिवस मी धीर करून बोलले. "भाऊसाहेब, कापड वलं ऱ्हातंय. आत बुरशी धरंल."

त्यांनी तांब्या खाली ठेवला. "तुला विचारलं का?"

"न्हाई."

"मग?"

मी खांबाला जाऊन टेकले. त्यांनी त्या दिवशी त्या गठ्ठ्यावर जास्तच पाणी शिंपडलं. ते मी सांगितल्यामुळे होतं, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही.

पाऊस सरल्यावर मुंबईहून जीप आली. कसलं तरी जुनं प्रकरण पुन्हा उभं राहिलं होतं आणि कचेरीला त्याचे मूळ कागद हवे होते. साहेब चष्मा लावलेले, तरुणच होते. भाऊसाहेबांनी गठ्ठा काढून दिला. साहेबांनी कापड सोडलं. आत कागद नव्हते. लगदा होता. हिरवट, काळपट, वडीसारखा घट्ट. दुसरा सोडला. तोही तसाच. पडवीभर गठ्ठे सोडले गेले आणि सगळीकडे तो वास.

मी अंगणात उभी होते. त्यातलं एक कापड मी ओळखलं, कोपऱ्याला मीच टाका घातला होता. त्या बाईचा गठ्ठा. साहेबांनी काडीनं पानं वेगळी करून पाहिली आणि काडी टाकून दिली. शाई सगळी पसरली होती. तिचा जबाब गेला. तिनं मागं ओढलेला हातही गेला. एवढी एकच खूण होती तिची, की मी हे म्हटलेलं नाही. ती आता कुठं उरली नव्हती. मी पाहून ठेवली होती तेवढीच.

भाऊसाहेब आत जाऊन काहीतरी लिहीत बसले. मग मला पायरीशी बोलावलं. साहेब खुर्चीवर बसलेले. भाऊसाहेबांनी कागद पायरीवर ठेवला, वर दगड ठेवला आणि शाईची डबी उघडली.

"अंगठा कर."

कागद माझ्यासमोर उघडा होता. मी वाचला. 'मी सदर दप्तर निष्काळजीपणाने पावसात भिजू दिले व ही बाब वरिष्ठांपासून लपवून ठेवून ओले गठ्ठे तसेच बांधले. हे मी राजीखुशीने सांगत आहे.'

राजीखुशीने.

"कर ना," भाऊसाहेब म्हणाले. "साहेबांना परत जायचंय. अंगठा दिलास तर नुसतं कामावरून जाशील. नाही दिलास तर सरकारी दप्तर नासवल्याचा गुन्हा. पुण्याला कोर्टात उभी राहशील."

मी डावा हात पाठीमागं नेला आणि उजव्या हातानं तो धरून ठेवला. मीच माझं मनगट धरलं.

"ह्ये मी म्हनलेलं न्हाई," मी म्हणाले.

भाऊसाहेब हसले. "काय लिहिलंय ते तुला काय माहीत?"

"वाचलं."

साहेबांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता विचारतील. आता हा शिकलेला माणूस विचारेल. ते म्हणाले, "लिहिता-वाचता येतं? मग अंगठा कशाला, सही घ्या." आणि खिशातून पेन काढून भाऊसाहेबांच्या हातात दिलं.

तेव्हा मला कळलं. मला वाटत होतं की ती बाई अडकली, कारण तिला वाचता येत नव्हतं. तसं नव्हतं. मी वाचलं तरी कागद तोच होता. फक्त अंगठ्याच्या जागी सही आली.

"पानी भाऊसाहेबांनी मारलं," मी म्हणाले. आवाज माझा मलाच मोठा वाटला. "माझा हात लागतो म्हनून. रोज. तांब्यानं."

तांब्या तिथंच उंबऱ्याशी होता, तुळशीचं पान आत. साहेबांनी तांब्याकडे बघितलं. भाऊसाहेबांकडे बघितलं. त्यांना सगळं समजलं. ते मी त्यांच्या चेहऱ्यावर पाहिलं.

"ते यात लिहायची गरज नाही," साहेब म्हणाले.

"मंग मी सही करनार न्हाई."

"अगं बाई, विचार कर."

"केला."

मी वळले आणि चालायला लागले. मागून भाऊसाहेब ओरडत होते. जातीवरून जे ओरडायचं ते ओरडत होते. मी फाटकापर्यंत नीट चालले. रस्त्याला लागल्यावर पळत सुटले.

पुढच्या बाजाराच्या दिवशी पोलीस पाटील तोच कागद घेऊन आमच्या वस्तीच्या तोंडाशी आले. आत येत नसत. तिथूनच हाक मारली. सासू घाबरली होती. म्हणाली, "दे गं बाई एकदाचं लिवून. सहीनं काय झिजतंय?"

मी पाटलांच्या हातातला कागद मागितला. तो त्यांनी खाली ठेवला, मी उचलला. सासूला सगळा वाचून दाखवला. ती ऐकत राहिली.

"ह्ये तू म्हनलीस?"

"न्हाई."

"मंग कुनी?"

"भाऊसाहेबांनी."

सासू पाटलांकडे वळली. "मंग पाटील, सही बी त्याचीच घ्या की. म्हनला त्यो, आन हात हिचा?"

पाटील कागद घेऊन गेले. गुन्हा दाखल झाला नाही. त्यात साहेबांची दया नव्हती. कोर्टात पाणी कोणी मारलं, का मारलं, हे निघालं असतं. पण गावात होतं नव्हतं तेवढं कामही मला मिळेनासं झालं. 'सरकारी कागद नासवणारी' असं नाव पडलं. विहिरीवरच्या बाया म्हणायच्या, "हिच्या हातात काय देऊ नका, भिजंल." मी नांद्याकडे, नेऱ्याकडे खुरपायला जायला लागले, लांब, जिथं मला कोणी ओळखत नव्हतं. बंगल्यावर दुसऱ्या वस्तीतली बाई कामाला लागली. तिला मी वाटेत गाठून विचारलं, "पानी मारतोय का अजून?" ती म्हणाली, "व्हय, मारतोय की."

काही वर्षांनी भाऊसाहेब स्वतः आले. निवृत्त होत होते. नासलेल्या दप्तराची चौकशी अर्धी पडली होती, ती मिटल्याशिवाय त्यांना मोकळं करत नव्हते. वस्तीच्या तोंडाशी उभे राहिले. केस पिकले होते. मला 'बाई' म्हणाले, 'तुम्ही' म्हणाले.

"बाई, फार जुनं झालं आता. तुमच्यावर काही येणार नाही. एवढी सही करा."

"पानी लिवलंय का त्यात?"

"आता ते कशाला उकरायचं?"

"लिवा. तुमच्या हातानं लिवा. पानी कुनी मारलं, कशासाठी मारलं. मंग मी करते सही. नाव लिवून, घर लिवून करते."

मला त्यांची कीव आली का? आली. पण कीव आली म्हणून मी खोट्याखाली नाव लिहू शकत नाही. ते गेले.

ती बाई अजून येते. दुपारी खुरपताना, चुलीपुढं, कुठंही. बोलत नाही. तिचा जबाब मला पाठ आहे, सदरहूपासून अंगठ्यापर्यंत. तो तिचा नव्हता, हे जिवंत माणसांत आता मलाच माहीत आहे. आणि माझ्या नावाचा कागद मुंबईच्या कुठल्या तरी मांडणीवर पडलेला असेल. खाली जागा सोडलेली असेल, सहीसाठी. पुन्हा कोणी तो घेऊन येईल. पाटील येईल, साहेब येईल, भाऊसाहेबांचा मुलगा येईल. मी विचारीन, पाणी लिहिलंय का. नसेल लिहिलं, तर ती जागा मोकळीच राहील. मी मेल्यावरही मोकळी राहील.